ब्राउझर-सुसंगती

ब्राउझर-सुसंगती : एकच जालपृष्ठ निरनिराळ्या ब्राउझरांत सारख्याच रीतीने दिसणे व चालणे, या गुणधर्मास ब्राउझर-सुसंगती म्हणतात. उघडमीट होणारी यादी, भरताक्षणीच तपासला जाणारा अर्ज इ. सोयी असलेल्या गतिमान पृष्ठांत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कारण त्यांतील आज्ञा वाचकाच्या संगणकावर ब्राउझरच अंमलात आणतो.

इतिहास : नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट ही आज्ञाभाषा तयार केली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये तिच्याच धर्तीवर जेस्क्रिप्ट आणली. १९९७ मध्ये निघालेल्या दोन्ही कंपन्यांच्या ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्यांत पृष्ठावरील घटक हाताळण्याच्या रीतीही भिन्न होत्या. परिणामी एकच काम दोनदा लिहावे लागे किंवा काही वाचकांना वगळावे लागे.

मानके : एक्मा या मानकसंस्थेने जून १९९७ मध्ये ‘एक्मास्क्रिप्ट’ हे भाषेचे मानक प्रसिद्ध केले. पृष्ठघटकांच्या रचनेचे व त्यांत बदल करण्याच्या पद्धतीचे ‘डॉम’ हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ऑक्टोबर १९९८ मध्ये संमत केले. तथापि मानक प्रसिद्ध होणे व ते पाळले जाणे यांत अंतर असते. उदा., इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीनंतर (२००१) सातवी आवृत्ती २००६ मध्येच निघाली. तोवर तिच्यातील उणिवा लक्षात घेऊनच पृष्ठे लिहावी लागत.

उपाय : प्रारंभी पृष्ठे ब्राउझरचे नाव पाहून आज्ञा निवडीत. त्यामुळे सोयी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून ब्राउझर परस्परांची नावे धारण करू लागले. अनेकांच्या ओळखओळीचा आरंभ अद्याप ‘मोझिला’ या शब्दाने होतो. यापेक्षा हवी ती सोय उपलब्ध आहे की नाही, हे थेट तपासणे अधिक भरवशाचे असते. ती नसल्यास साधा पर्याय द्यावा लागतो. उदा., अर्जाची तात्काळ तपासणी झाली नाही, तरी तो सादर करता आला पाहिजे. अंतिम तपासणी सेवासंगणकावर करावीच लागते.

सद्यःस्थिती : २०२२ पासून प्रमुख ब्राउझर-निर्माते ‘इंटरॉप’ या उपक्रमाद्वारे समान चाचण्यांवर आपापले ब्राउझर पारखतात. त्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोररचा बहुतांश आधार संपला. भेद घटले असले, तरी क्रोम, एज इ. अनेक ब्राउझर क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. एका आज्ञावलीचे वर्तन हेच मानक मानले गेल्यास अन्य ब्राउझर वापरणाऱ्यास शुल्कभरणा, परीक्षेचा अर्ज यांसारख्या आवश्यक सेवांपासून वंचित राहावे लागते. म्हणून कोणासही वाचता व अंमलात आणता येणाऱ्या खुल्या मानकांचे महत्त्व टिकून आहे.