अलर्क रोग : संपर्काचे संकेतांक
पिसाळलेल्या वा तशी शंका असलेल्या प्राण्याचा दंश, ओरखडा किंवा लाळ यांच्याशी संबंध आलेल्या व्यक्तीची वैद्यकीय नोंद ठराविक अंकांनी करण्याची पद्धती. अशी व्यक्ती रोगी नसते; पण तिला निरोगी म्हणून परतही पाठविता येत नाही. अलर्क रोगाची (रेबीजची) लक्षणे एकदा दिसू लागली की, तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्यापूर्वी योग्य उपचार वेळेवर झाल्यास तो टळतो. म्हणून नोंदीत रोग व संपर्क या अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाचे मूळ झाक बेर्तीयाँ यांच्या १८९३ मधील मृत्युकारणांच्या सूचीत आहे. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत प्रत्यक्ष रोगास ए ८२ (वन्य ए ८२·०, नागरी ए ८२·१) व संपर्कास झेड २०·३ हे संकेतांक आहेत. नवव्या आवृत्तीत ते अनुक्रमे ०७१ व व्ही ०१·५ असे होते. अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली आहे.

कुत्रा पोटरीस चावल्यास एका अंकाने भागत नाही. जखमेसाठी एस ८१, बाह्य कारणासाठी डब्ल्यू ५४ (मांजर, माकड इ. असल्यास डब्ल्यू ५५) आणि संपर्कासाठी झेड २०·३ असे तीन अंक लागतात. घाईत केवळ जखमेचा अंक लिहिल्यास संपर्क नोंदीतून नाहीसा होतो व लशीची गरज प्रत्यक्षाहून कमी भासते. उलट, ए ८२ लिहिल्यास धडधाकट माणूस असाध्य रोगाच्या आकडेवारीत जमा होतो.

या पद्धतीतील मोठी उणीव अशी की, झेड २०·३ वरून संपर्काची तीव्रता कळत नाही. ती तीन श्रेणींनी ठरते. प्राण्याने अखंड त्वचा चाटणे ही पहिली श्रेणी असून तीत लस लागत नाही. रक्त न येणारे ओरखडे दुसऱ्या श्रेणीत येतात व त्यांस लस पुरते. त्वचा भेदणारा दंश, जखमेस वा श्लेष्मकलेस लाळ लागणे आणि वटवाघळाशी थेट संपर्क ही तिसरी श्रेणी होय. तीत साबण व पाण्याने सु. १५ मिनिटे जखम धुऊन लशीबरोबर जखमेत प्रतिरक्षा ग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते राहून गेल्यास लशीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंतच देतात. पुढील मात्रेसाठी दुसऱ्या दवाखान्यात गेलेल्या रुग्णाची श्रेणी व ग्लोब्युलिनची नोंद केसपेपरवर शब्दांत नसेल, तर केवळ अंकावरून तेथील वैद्यास ती समजत नाही आणि ही मुदत टळून जाऊ शकते.