फरशी उखडल्यावर निघणारा खर्च

बाथरूम नवं करायचं म्हटलं की अंदाजपत्रकात टाइल्स, नळ, कमोड आणि मजुरी येते. खरा खर्च फरशीखाली असतो. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत टाइल उखडली की खालचा ब्रिकबॅट कोबा ओला आणि भुसभुशीत निघतो. तो स्लॅबपर्यंत काढून वॉटरप्रूफिंग पुन्हा करावंच लागतं. त्यानंतर पाणी तुंबवून 48 तास ठेवायचं आणि खालच्या घराचं छत पाहायचं. ही चाचणी घाईत कधीही गाळू नका. गळती राहिली तर नव्या टाइल्सही फोडाव्या लागतात.

भिंतीतले जुने जीआय पाइपही तसेच. बाहेरून धड दिसतात, पण आत गंजाचे थर साचून जेमतेम बोटभर वाट उरलेली असते. तेव्हाच सीपीव्हीसी टाकून घ्या.

राडारोडा वेगळाच. बऱ्याच सोसायट्या त्यासाठी लिफ्ट वापरू देत नाहीत. गोण्या जिन्याने उतरतात आणि हमाली मजल्यागणिक वाढते. टेम्पोचं भाडं निराळं. सोसायटीची अनामत रक्कमही आधी भरावी लागते.

कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ आहे का, ते पाहा: 18 टक्के म्हणजे दोन लाखांवर 36 हजार.