हरिपूरची पेवे आणि हळदीचा पुरावा

सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमी वसलेल्या हरिपुरात, भूमीच्या उदरात खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे न किडता राहते, याचे कारण असे की अरुंद तोंडाच्या त्या बंदिस्त पोकळीतील प्राणवायू हळूहळू सरतो आणि कीटकांस तेथे जगणे अशक्य होते. पेव उघडले तरी आतील दूषित हवा निघून जाईपर्यंत हमाल खाली उतरत नाहीत. हे शास्त्रच होय; पिढ्यांनी ते दप्तराविना, एका हातातून दुसऱ्या हाती सोपविले.

परंतु दप्तराचे मोल १९९५ साली कळून आले. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठातील दोघा संशोधकांस बहाल केले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत दाखल केली. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष तेथे ग्राह्य नव्हती, म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय निबंध असे लेखी दस्तऐवज रुजू करावे लागले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले.

म्हणूनच मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे चाललेले, ‘फुले स्वरूपा’सारखे वाण देणारे हळद-संशोधन मला फार मोलाचे वाटते. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र २००५ च्या महापुरात अनेक पेवे बुडाली. उरलेल्या पेवांतील हवा, ओल आणि माती यांची शास्त्रशुद्ध नोंद, ती पेवे राखणारी जाणती माणसे हयात आहेत तोवरच, सांगलीच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केली पाहिजे.