उघडी फळी, एकटा स्पीकर आणि अल्पशक्तीचा व्हॉल्व्ह प्रवर्धक : एक ध्वनिशास्त्रीय विवेचन

प्रास्ताविक

घरगुती ध्वनिपुनरुत्पादनाच्या क्षेत्रात एक छोटा परंतु आग्रही पंथ दीर्घकाळ टिकून आहे. दहा ते वीस सेंटिमीटर व्यासाचा, जवळजवळ संपूर्ण श्राव्य पट्टा एकट्याने सांभाळू पाहणारा स्पीकर. त्याला पेटी नाही, केवळ एक लाकडी फळी. आणि त्याला चालविणारा दोन ते आठ वॅट शक्तीचा व्हॉल्व्ह प्रवर्धक, अशी या पंथाची सामग्री असते. रूढ अभियांत्रिकी निकष लावल्यास यातील प्रत्येक घटक सदोष ठरतो. फळी मंद्र स्वर गमावते, लहान स्पीकरला पुरेशी हवा हलविता येत नाही आणि प्रवर्धकाचा निर्गम संरोध अवाजवी मोठा असतो. तरीही हे तिन्ही एकत्र आले असता ऐकणाऱ्यास बरेचदा समाधान लाभते. या समाधानाचे स्पष्टीकरण व्हॉल्व्हच्या 'उबदार' नादाने देण्याची प्रथा आहे, आणि त्या एका विशेषणावर बाजारात मोठ्या किमतीही आकारल्या जातात. एका घटकाचा दोष दुसऱ्याच्या दोषाची अंशतः भरपाई करतो व ही भरपाई पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राने मोजता येते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

फळीचे कार्य

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढील हवा दाबली जाते व त्याच क्षणी मागील हवा विरळ होते. पुढचा व मागचा असे दोन्ही तरंग परस्परांच्या विपरीत कलेत असतात. तरंगलांबी मोठी असेल तर मागचा तरंग कडेवरून वळून पुढे येतो आणि पुढच्या तरंगाला जवळजवळ नाहीसा करतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हाच हा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि सपाट फळी हे त्याचे एक उत्तर होते. फळी मागच्या तरंगाचा मार्ग लांबविते, एवढेच तिचे काम.

हा वाढीव मार्ग 'ड' व ध्वनीचा वेग 'व' मानल्यास, दोन बिंदुस्रोतांच्या साध्या प्रतिमानानुसार पथांतर 'ड' जेथे तरंगलांबीच्या निम्मे होते तेथे दोन्ही तरंग एकमेकांस बळ देतात व ६ डेसिबलचा उंचवटा मिळतो. पथांतर तरंगलांबीच्या एक षष्ठांश असते तेथे तोटा नाही आणि लाभही नाही. त्याखाली मात्र वारंवारता निम्मी होताच पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते. साठ सेंटिमीटर रुंदीच्या फळीच्या मध्यावर स्पीकर बसविला तर 'ड' सुमारे ०.३ मीटर धरता येईल. 'व' सेकंदाला ३४५ मीटर घेतल्यास उंचवटा ५७५ हर्ट्झला, समपातळी सुमारे १९२ हर्ट्झला येते. ९६ हर्ट्झला जवळपास ६ आणि ४८ हर्ट्झला जवळपास १२ डेसिबलची तूट पडते. स्पीकर नेमका मध्यावर न बसविता एका बाजूस सरकविला म्हणजे वेगवेगळ्या कडांचे पथांतर भिन्न होते आणि उंचवटे-खळगे पसरून सौम्य होतात. वर्तुळाकार फळीच्या केंद्रस्थानी स्पीकर बसविणे हा म्हणूनच सर्वांत वाईट पर्याय होय.

या तुटीच्या मोबदल्यात फळी काय देते? पहिली गोष्ट, पेटीतील कोंडलेल्या हवेचा ताठरपणा आणि पेटीच्या भिंतींचा नाद यांपासून मुक्तता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अशी रचना इंग्रजी आठाच्या आकारात ध्वनी फेकते. पुढे व मागे भरपूर, कडेला जवळजवळ शून्य. समोरची पातळी सारखीच ठेवली असता खोलीत जाणारी एकूण ध्वनिशक्ती सर्व दिशांना ध्वनी फेकणाऱ्या स्रोताच्या एक तृतीयांश, म्हणजे ४.८ डेसिबलने कमी असते. फरशीची जमीन, गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि गालिचाचा अभाव असलेल्या आपल्याकडील खोल्यांत हा लाभ पाश्चात्त्य घरांहून अधिक जाणवावा. फळी मागील भिंतीपासून निदान एक मीटर पुढे ठेवावी लागते, ही अट मात्र आपल्या घरांना जाचक आहे.

प्रवर्धकाचा 'दोष'

या व्यवस्थेचे मर्म स्पीकर व प्रवर्धक यांच्या संबंधात आहे. स्पीकरच्या शंकूला अनुस्पंदनाची एक नैसर्गिक वारंवारता असते. त्या वारंवारतेवर शंकू किती मोकळा हलेल हे 'क्यू' या गुणांकावरून कळते. क्यू जितका लहान तितका शंकू आवरलेला आणि तेथील ध्वनी दबलेला. हे आवरण मुख्यतः विद्युतीय असते : हलणारी कॉइल चुंबकीय क्षेत्रात स्वतःच विद्युत्चालक बल निर्माण करते, त्याचा प्रवाह प्रवर्धकातून परत वाहतो व गतीला विरोध करतो. प्रवर्धकाचा निर्गम संरोध शून्याजवळ असेल तर हा विरोध पूर्ण मिळतो. हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण प्रतिपोषणाची कल्पना मांडल्यानंतर असे प्रवर्धक शक्य झाले. थील यांनी १९६१ मध्ये व स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या विश्लेषणाच्या आधारे जे आराखडे रूढ झाले, तेही बहुधा शून्य निर्गम संरोध गृहीत धरतात.

प्रतिपोषणरहित एकेरी व्हॉल्व्ह प्रवर्धकाचा निर्गम संरोध दोन-तीन ओहम सहज असतो. १९२९ चा ४५ हा व्हॉल्व्ह सुमारे दोन वॅट, १९३३ चा २ए३ साडेतीन वॅट आणि १९३८ चा ३००बी सुमारे आठ वॅट देतो. तिघांनाही हे विधान लागू पडते. एक उदाहरण घेऊ. कॉइलचा रोध ७ ओहम, यांत्रिक क्यू ५ आणि विद्युतीय क्यू ०.५ असलेल्या स्पीकरचा एकूण क्यू ०.४५ येतो. निर्गम संरोध ३ ओहम असल्यास विद्युतीय क्यू दहास सात या प्रमाणात वाढून ०.७१, आणि एकूण क्यू ०.६२ होतो. अनुस्पंदनाच्या वारंवारतेवर हा फरक २.८ डेसिबलचा आहे. येथे मंद्र भाग प्रत्यक्षात उचलला जात नाही, मध्यभाग खाली येतो. परंतु कानाला तुलनाच कळते. ज्या ठिकाणी फळी पाच-सहा डेसिबल गमावते त्याच्या आसपास प्रवर्धक जवळजवळ निम्मी भरपाई करतो. पेटीतील स्पीकरला हाच प्रवर्धक जोडला तर तळ फुगीर व ढिला होईल. दोष तोच, जागा बदलली की गुण.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला स्पीकरच्या निवडीविषयी. प्रबळ चुंबकाचे, ०.३ च्या आसपास क्यू असलेले जे महागडे स्पीकर भोंग्यासाठी वा पेटीसाठी बनविलेले असतात ते उघड्या फळीवर रुक्ष वाजतात, तेथे ०.७ च्या आसपासचा क्यू व तुलनेने दुबळे चुंबक अधिक उपयोगी. दुसरा निष्कर्ष असा, की हा परिणाम व्हॉल्व्हची मक्तेदारी नाही. अमेरिकन अभियंते नेल्सन पास यांनी २००४ मध्ये, अतिशय उच्च निर्गम संरोधाचे ट्रान्झिस्टर प्रवर्धक अशा स्पीकरांना मानवतात असे प्रतिपादन करून तसा प्रवर्धकही तयार केला. व्हॉल्व्हच्या विकृतीचा स्वभाव वेगळा असतो हे खरे; परंतु 'उबदारपणा' म्हणून जे वर्णिले जाते त्याचा मोठा वाटा ओहमच्या नियमात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परिचयातील उदाहरण व मर्यादा

ही रचना आपल्याला परकी नाही. ठाण्यात ज्याचा कारखाना होता तो मर्फी किंवा त्या पिढीतील कोणताही व्हॉल्व्हचा रेडिओ आठवावा. लाकडी पेटी, मागे छिद्रांचा पातळ पुठ्ठा, एकच कागदी स्पीकर आणि शेवटी एकच निर्गम व्हॉल्व्ह. पेटी दिसत असली तरी मागून मोकळी असल्याने ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ती घडी घातलेली फळीच होती. त्या रेडिओवरील मानवी आवाजाच्या नैसर्गिकपणाविषयी मागील पिढी जे सांगते ते सर्वस्वी स्मरणरंजन मानण्याचे कारण नाही.

मर्यादा मात्र स्पष्ट आहेत. फळीवर समान पातळी राखावयाची तर वारंवारता निम्मी होताच शंकूची हालचाल आठपट करावी लागते. दहा सेंटिमीटरच्या स्पीकरला हे झेपत नाही. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. वरील फळीवर तो मुळात साडेआठ डेसिबलने खाली जाईल. तरीही तंबोरा बिघडल्यासारखा वाटत नाही, कारण त्याची बहुतांश ऊर्जा वरच्या स्वरांशांत असते आणि कान त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला ही सवलत नाही. तो खुजा होतोच. ज्यांना पखवाज वा पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकावयाचा आहे त्यांनी सुमारे १५० हर्ट्झखाली वेगळा, मोठा स्पीकर स्वतंत्र प्रवर्धकावर चालविणे इष्ट. शक्तीचे गणितही कठोर आहे. एका वॅटला एक मीटरवर ९५ डेसिबल देणारा स्पीकर तीन वॅटवर जवळजवळ १०० डेसिबल देतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्यासाठी तीस वॅट लागतील.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत याची पडताळणी अल्प खर्चात होऊ शकते. व्हॉल्व्हच्या मंडलात अडीचशे ते चारशे व्होल्ट दाब असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती ते देणे योग्य नाही, व त्याची गरजही नाही. साधा ट्रान्झिस्टर प्रवर्धक घ्यावा, स्पीकरच्या मालिकेत ३ ओहमचा, दहा वॅट क्षमतेचा रोध जोडावा, आणि रोधासह व रोधाविना वारंवारतेनुसार स्पीकरच्या टोकांवरील दाब नोंदवावा. अनुस्पंदनाच्या वारंवारतेवर उंचवटा दिसू लागतो. पुढे प्लायवुडच्या फळीवर स्पीकर बसवून एक मीटरवरील मायक्रोफोनने हीच नोंद पुन्हा घ्यावी. फळी निम्म्या रुंदीची केल्यास समपातळीची वारंवारता जवळजवळ दुप्पट व्हावयास हवी. खोलीच्या परावर्तनांमुळे आलेखात पडणारे खाचखळगे टाळण्यासाठी हे मापन गच्चीवर वा मोकळ्या मैदानात, फळी जमिनीपासून पुरेशी उंच धरून करणे सोयीचे ठरते.