पहिली जीप बांधताना

महाराष्ट्रात जुनी जीप बांधायला घेणाऱ्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट असते, ती म्हणजे ही गाडी इथलीच आहे. जन्म अमेरिकेतला, पण वाढ माझगाव, कांदिवली, नाशिक आणि इगतपुरीची. जुन्या लँड रोव्हरच्या मालकाला साध्या सीलसाठी परदेशातल्या पार्सलची वाट पाहावी लागते. जीपचा सील बहुतेकदा जिल्ह्याच्या बाजारपेठेत मिळतो, आणि दुकानदार मॉडेल तेवढं विचारतो, ‘थ्रीबीचा की पाचशेचाळीसचा?’ तरीही हौसेने विकत घेतलेल्या किती जीपा ताडपत्रीखाली, चाकं काढलेल्या, सुट्या भागांच्या पोत्यांसकट पडून आहेत! त्या पैशांअभावी पडलेल्या नाहीत. कामाचा क्रम चुकला म्हणून पडल्या आहेत. या लेखात गाड्यांचा आढावा आहे, पण खरा रोख त्या क्रमावर आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण जीप कशी बांधायची हे ती कशी जन्मली त्यावरच ठरतं. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि नमुना सादर करायला 49 दिवस दिले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम ही छोटी कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडे झपाट्याने तयार केले आणि 23 सप्टेंबरला पहिली गाडी होलाबर्डच्या छावणीत चाचणीसाठी उभी राहिली. पुढे मोठं कंत्राट टोलेडोच्या विलिसला मिळालं, त्यात बार्नी रूस यांनी घडवलेल्या 2.2 लिटरच्या, 60 अश्वशक्तीच्या ‘गो डेव्हिल’ इंजिनाचा मोठा वाटा होता. फोर्डनेही त्याच आराखड्यावर गाड्या काढल्या, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. रणांगणावरच्या शिपायाला चार पान्यांनी ती उघडता यावी, तुटलेला भाग दुसऱ्या जीपचा काढून बसवता यावा, ही तिच्या रचनेतली मूळ अट होती. नवशिक्याला आज जीप जमते ती याच अटीमुळे.

इकडे 1945 मध्ये के. सी. आणि जे. सी. महिंद्र या बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. मुंबईत सुट्या भागांतून विलिस जीपा जोडण्याचं काम सुरू झालं आणि हळूहळू भागही इथेच बनू लागले. अमेरिकेत 1953 मध्ये सीजे-थ्रीबी आली. ‘हरिकेन’ इंजिन आधीच्यापेक्षा उंच असल्याने तिचं बोनेट वर उचलावं लागलं, आणि तो चौकोनी, कपाळ मोठं असलेला चेहरा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जीपचा चेहरा ठरला. तिकडे ती 1968 मध्ये थांबली, आपल्याकडे तिची वंशावळ त्यानंतरही चालू राहिली. तहसीलदार, पाटबंधारे खातं, वनखातं, फौजदार, निवडणुकीचा कर्णा, पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप, या सगळ्यांनी ती वापरली. 1965 च्या भारत-पाक युद्धात भारतीय लष्करातले अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाड्यांना अडवलं, तेही जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने.

पहिल्या बांधणीसाठी कुठली गाडी घ्यावी? जोंगाच्या मोहात अनेक जण पडतात. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निस्सानच्या आराखड्यावर बनलेली ती दणकट गाडी आहे, पण तिचं मोठं पेट्रोल इंजिन पिणारं आहे आणि भाग मिळवणं हेच स्वतंत्र काम होऊन बसतं. ती दुसऱ्या-तिसऱ्या बांधणीसाठी ठेवावी. 1985 साली आलेली मारुती जिप्सी हलकी आणि सरळ आहे, ज्याला फक्त डोंगरात फिरायचं आहे त्याने खुशाल ती घ्यावी. जीपच्या घराण्यात सीजे-500डी मध्ये ट्रॅक्टरच्या कुळातलं डिझेल इंजिन आलं. त्यानंतरच्या एमएम-540 मध्ये प्यूजोचं 2.1 लिटरचं डिझेल होतं, आणि रोजच्या वापराला माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी निवड. पण शिकायचं असेल तर पेट्रोलची सीजे-थ्रीबी. तिच्यात लपवलेलं जवळपास काही नाही. गाडी कुठलीही असो, अपूर्ण गाडी स्वस्तात घेऊ नये. कुरूप चालेल, गंजकी चालेल, पण पूर्ण आणि शक्यतो चालू असावी. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेतली जीप आणि रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली जीप यांत पत्र्याचं काम कितीतरी पटीने वेगळं निघतं.

पाना हातात घेण्याआधी कागद बघावेत. पूर्वी सरकारी लिलाव हा जीप मिळवायचा राजमार्ग होता. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, त्यामुळे तो मार्ग जवळजवळ बंद झाला. आता बहुतेक जीपा खाजगी मालकांकडूनच येतात, अनेकदा दोन-तीन हात बदलून पण नाव न बदलता. चॅसीवरचा नंबर स्वतः डोळ्यांनी, तारेच्या ब्रशने घासून वाचावा आणि आरसी बुकाशी अंक अन् अंक ताडून पाहावा. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, पर्यावरण कर, फिटनेस हे चुकत नाही. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा ही अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर काढता येत नाही. ज्याला घाट चढायचे आहेत त्याने हा विचार आधी करावा.

इथेच हरियाणाच्या मंडी डबवालीचा विषय निघतो. लष्करी भंगारातून तिथे नव्या जीपा उभ्या करण्याचा मोठा धंदा आहे. रुंद टायर, उंच उचललेली चॅसी, भलतंच इंजिन, सगळं मागणीनुसार मिळतं. त्या कारागिरांच्या हातात कसब आहे हे मी मनापासून मान्य करतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाबाहेरचे बदल मान्य करत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. शिवाय उंच केलेल्या जीपचं स्टिअरिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, मग गाडी ज्या कामासाठी घेतली त्याच कामात ती मागे पडते. मूळ टायरवरची, नीट बांधलेली जीप सह्याद्रीतल्या बहुतेक बैलगाडीवाटांना पुरते.

आता क्रम. गाडी आली की दोन दिवसांत ती पूर्ण खोलायची आणि चॅसीपासून नवी उभी करायची, हे चित्र पहिल्या खेपेला डोक्यातून काढून टाकावं. ताडपत्रीखालच्या जीपा अशाच तयार होतात. माझं ठाम मत आहे की पहिली जीप चालू ठेवतच बांधावी. एका वेळी एकच भाग उघडावा, तो पुरा करावा, गाडी गल्लीत फिरवून आणावी, मग पुढचा. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि हब, त्यानंतर इंजिन-गिअर, आणि पत्रा-रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात, कारण रंग लोकांना दिसतो.

ब्रेक चारही ड्रमचे आहेत आणि जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा मार्ग एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून सगळे धातूचे पाइप आणि रबरी नळ्या सरसकट बदलाव्यात, त्यात काटकसर नको. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. चाक काढताना लक्षात ठेवायचं की जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. दांडा लावून जोर करणाऱ्याच्या हातात स्टड तुटून येतो. आणि हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसतो. एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं फिरू शकतं, हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. उटी लावल्याशिवाय जीपखाली कोणी जायचं नाही, हा नियम जुने फिटर पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे.

स्टिअरिंगवर मला जास्त बोलायचं आहे, कारण ‘जीप रस्त्यावर भरकटतेच, तिचा स्वभावच तो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येतो. जीप भरकटत नाही, झिजलेली जीप भरकटते. स्टिअरिंग बॉक्सपासून एक दांडा पुढे येतो, तो समोरच्या क्रॉस मेंबरवरच्या बेलक्रँकला फिरवतो आणि तिथून दोन्ही चाकांना ओढ जाते. बेलक्रँकची पिन आणि बेअरिंग थोडी झिजली की तो खेळ चाकापर्यंत मोठा होत जातो. त्यात टायरॉडचे बॉल, पाट्यांचे शॅकल, बुश आणि किंगपिनची बेअरिंग यांची झीज मिसळते. लोक यातलं एकच बदलतात आणि फरक पडला नाही म्हणून निराश होतात. खरी पद्धत अशी की एकाने उभ्या गाडीचं स्टिअरिंग डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्याने आडवं होऊन प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे खडूची खूण. किंगपिनचा ताण स्प्रिंगच्या वजनकाट्याने आर्म ओढून मोजतात आणि पातळ शिम घालून किंवा काढून जुळवतात. सावकाश करायचं काम आहे, पण संपल्यावर साठ वर्षांची जीप दोन बोटांवर सरळ जाते, आणि तो आनंद रंगकामात नाही.

हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात. हेड काढताना एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, आतल्या वाटेत लपलेला असतो. तो न दिसल्यामुळे पहारीने उचकटून तडे गेलेली हेडं भंगारवाल्याकडे बघावीत. इंजिन मिसिंग करतंय म्हणून लगेच बोअरिंगला नेऊ नये. आधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजावं, व्हॉल्व्ह घासावेत, वायरी 1-3-4-2 या क्रमाने आहेत का पाहावं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते खातं. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असल्याने नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाराच हवा. गिअरबॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोमेश नसलेला असतो, गाडी थांबल्यावरच तो टाकावा. गिअरबॉक्सचं ऑइल झिरपून ट्रान्स्फर केसमध्ये उतरतं, म्हणून दोन्हींची पातळी एकत्र तपासायची.

ही कामं पुस्तकातून निम्मीच येतात. क्रँक घासणारा, बुश ओतणारा, मूळ जाडीचा पत्रा हातोडीने वळवणारा माणूस हवा, आणि तो माणूस आता साठीच्या पुढे आहे. कोल्हापूर, सांगली, नाशिक, नगरच्या औद्योगिक वस्त्यांत असे लेथवाले आणि फिटर अजून आहेत. त्यांची मुलं संगणकाला जोडलेल्या यंत्रावर काम करतात, त्यात गैर काही नाही. पण हाताच्या स्पर्शाने बेअरिंगचा खेळ ओळखणं कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही. म्हणून गाडी गॅरेजमध्ये सोडून फक्त चावी घ्यायला येणाऱ्याला मी बांधणारा म्हणत नाही. शनिवार-रविवार त्या उस्तादाच्या शेजारी बसावं, पाने हातात द्यावेत, विचारावं, लिहून ठेवावं, त्यांच्या परवानगीने चित्रीकरण करावं. तरुणांनी ही हौस धरावी असं मी म्हणतो त्यामागे जीपइतकीच ही माणसं आहेत.

पत्र्याबाबत थोडक्यात. तळाखालच्या पट्ट्या आत पोकळ असतात, त्यात कोकणातली लाल माती अडकते आणि तळ वरून चांगला दिसत असताना खालून खाल्ला जातो. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावं. बाजारात तयार नवी बॉडी मिळते, पण जुनी वाचवता येत असेल तर वाचवावी. पुटीच्या जाड थराखाली गंज वाढतच राहतो, म्हणून सडलेला पत्रा कापून त्या जागी नवा तुकडा वेल्ड करावा. चॅसीचे कर्ण दोरीने मोजावेत. दोन्ही सारखे नसतील तर रंगाचा विचार आणखी पुढे ढकलावा.

बांधून झालेली जीप लगेच माळशेज चढवू नये. आधी सपाट रस्त्यावर, चार चाकांचा दांडा न टाकता चालवावी, कारण मध्ये डिफरन्शियल नसल्याने डांबरावर फोर व्हील लावलं की अॅक्सलवर ताण साचतो. वीसेक किलोमीटरवर थांबून चारही हबांवर हात ठेवावा. हात टिकत नसेल इतकं गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, तिथेच सैल करावं. मागच्या हबांचे मोठे नट, हेडचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. मग एखाद्या धरणामागच्या कच्च्या वाटेवर, पहिल्या पावसानंतर, समोरचा दांडा आणि लो गिअर टाकावा, क्लच पूर्ण सोडावा आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढून घ्यावा. चढ ती आपल्या चालीने चढते.