लोकांना नको असलेला कायदा: अमेरिकेच्या आरोग्य विम्याची लढाई

नववी-दहावीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला एक प्रश्न हमखास निघतो. आपण निवडून दिलेल्या माणसाने आपल्याला हवं तेच करायचं, की त्याला जे बरोबर वाटतं ते करायचं? मुलं लगेच सांगतात, आपल्याला हवं ते. मग आम्ही विचारतो, आपल्याला नक्की काय हवं हे आपलंच ठरत नसेल तर? तिथे वर्ग जरा गप्प होतो. अमेरिकेत २००९ आणि २०१० साली या प्रश्नाने अख्खा देश दोन तुकड्यांत उभा केला होता. तो कायदा आज 'ओबामाकेअर' नावाने जगाला माहीत आहे. आपल्या काही घरांतली मुलं-मुली, जावई तिकडे नोकरीला आहेत. त्यांच्या तोंडी हे नाव येतं, पण भांडण कशावरून झालं हे घरच्यांना क्वचितच ठाऊक असतं.

आधी तिकडची रीत समजून घेऊ. अमेरिकेत बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीतून येतो. हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. कामगार तर हवे होते, मग कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला आणि तीच पद्धत पडून गेली. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पासष्टच्या पुढच्या म्हाताऱ्यांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या सरकारी योजना आणल्या. पण मधले लोक राहिलेच. छोटा दुकानदार, टॅक्सीवाला, अर्धवेळ काम करणारी बाई, कंपनीने काढून टाकलेला माणूस. २००८ साली अशा विमा नसलेल्यांची संख्या सुमारे ४ कोटी ६० लाख होती.

बरं, यातला कोणी खिशातून विमा घ्यायला गेला तर बहुतेक राज्यांत कंपनी आधी आजारांची यादी मागायची. शुगर आहे? दमा आहे? पूर्वी कॅन्सर झाला होता? मग एकतर सरळ नकार, नाहीतर परवडणार नाही असा हप्ता. म्हणजे ज्याला इलाजाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद. हे चूक आहे यावर अमेरिकेत फारसा वाद नव्हता. वाद पुढे आहे.

गाठ कुठे बसली

आजारी माणसाला नकार द्यायचा नाही, असा कायदा करणं सोपं वाटतं. पण आपल्या महल्ल्यात बायकांची बीसी चालते तिचा विचार करा. समजा नियम केला की आपला नंबर लागेल त्याच महिन्यात बीसीत यायचं, पैसे घ्यायचे आणि निघून जायचं. किती महिने चालेल अशी बीसी? विम्याचंही तसंच आहे. आजार झाल्यावरच विमा घेता येत असेल, तर धडधाकट माणूस आधी कशाला हप्ते भरेल? मग विम्यात फक्त आजारी लोक उरतात, हप्ता वाढतो, वाढलेला हप्ता बघून थोडे कमी आजारी असलेलेही बाहेर पडतात, हप्ता आणखी वाढतो.

म्हणून या कायद्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकवल्या होत्या. कंपनीने आजारावरून नकार द्यायचा नाही. मग प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे, नाही घेतला तर दंड. आणि सक्ती केली म्हणून ज्याची ऐपत नाही त्याला सरकारने हप्त्यासाठी मदत द्यायची, अगदी गरीब असेल तर मेडिकेडमध्ये घ्यायचं. मदतीचा पैसा काही नवे कर आणि मेडिकेअरच्या खर्चातली कपात यांतून काढायचा होता. पहिली गोष्ट सगळ्यांना आवडत होती. दुसरी बहुतेकांना नको होती. पण दुसरी काढली की पहिली उभीच राहत नाही. हे समजलं तर पुढचं सगळं राजकारण समजतं.

गंमत अशी की ही सक्तीची कल्पना मुळात उजव्या बाजूची. १९८९ मध्ये 'हेरिटेज फाउंडेशन' या रिपब्लिकनांना जवळच्या संस्थेने ती मांडली होती. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आपल्या राज्यात ती लागूही केली. तीच कल्पना डेमोक्रॅट पक्षाच्या ओबामांनी उचलली, तेव्हा रिपब्लिकनांना ती व्यक्तीच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटू लागली. राजकारणात कल्पना कोणाच्या हातात आहे यावरून तिची चव बदलते, हे आपल्यालाही नवीन नाही.

उन्हाळ्यातला गोंधळ

२००९ च्या ऑगस्टमध्ये खासदार आपापल्या मतदारसंघात सभा घ्यायला गेले आणि सभांमध्ये आरडाओरडा सुरू झाला. अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांनी लिहिलं की सरकारी 'मृत्यू-मंडळं' म्हातारे आणि अपंग लोक इलाजाच्या लायकीचे आहेत का ते ठरवतील. मसुद्यात असं काहीच नव्हतं. शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत-नकोत याबद्दल डॉक्टरशी बोलायचं असेल, तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअर देईल, एवढंच होतं. पण अफवा धावली. एका सभेत तर एका गृहस्थाने खासदाराला बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावायचा नाही. मेडिकेअर ही सरकारचीच योजना आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. ९ सप्टेंबरला ओबामा दोन्ही सभागृहांपुढे बोलत होते. बेकायदा स्थलांतरितांना या योजनेचा फायदा मिळणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा जो विल्सन हे रिपब्लिकन खासदार मध्येच ओरडले, "तुम्ही खोटं बोलता!" नंतर त्यांनी माफी मागितली, पण वातावरण कसं होतं ते यातून कळतं.

डेमोक्रॅट्सनीही लोकांना दूर लोटायला कमी हातभार लावला नाही. सिनेटमध्ये विरोधकांनी चर्चा लांबवत ठेवली तर ती थांबवायला १०० पैकी ६० मतं लागतात. दोन अपक्ष धरून त्यांच्याकडे बरोबर ६० होती, म्हणजे एकेका सिनेटरचा भाव वधारला. नेब्रास्काचे बेन नेल्सन यांचं मत मिळावं म्हणून त्यांच्या राज्याला मेडिकेडचे जादा पैसे द्यायचं कलम घातलं गेलं. लोक भडकले, आणि भडकायलाच हवे होते. ते कलम पुढे काढावं लागलं. २४ डिसेंबरच्या सकाळी सिनेटने विधेयक ६० विरुद्ध ३९ ने मंजूर केलं. एकही रिपब्लिकन सोबत नव्हता.

आणि मग जमीन सरकली. सिनेटर टेड केनेडी यांनी आयुष्यभर सर्वांसाठी आरोग्य विमा मागितला होता. ते ऑगस्टमध्ये वारले होते. त्यांच्या जागेसाठी १९ जानेवारी २०१० ला पोटनिवडणूक झाली आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या डेमोक्रॅट राज्यातून रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन निवडून आले. साठचे एकोणसाठ झाले.

थांबायचं की रेटायचं?

खरा वाद आता पेटला. रिपब्लिकन म्हणत होते, लोकांनी आणखी किती स्पष्ट सांगायचं? सर्वेक्षणं विरोधात, तुमच्या बालेकिल्ल्यातली जागा गेली, देशाच्या अर्थव्यवस्थेचा सहावा हिस्सा तुम्ही एका पक्षाच्या मतांवर उलटापालटा करताय. कोरा कागद घ्या, पुन्हा सुरू करा. डेमोक्रॅट म्हणत होते, २००८ ची निवडणूक आम्ही हेच वचन देऊन जिंकलो, ते मत होतं, फोनवरचं सर्वेक्षण नव्हे. क्लिंटन यांचा प्रयत्न १९९४ मध्ये असाच बुडाला होता. आता थांबलो तर आणखी एक पिढी जाईल.

सर्वेक्षणं नीट वाचली तर चित्र वेगळं दिसतं. मार्च २०१० मधल्या सीएनएनच्या सर्वेक्षणात ३९ टक्के बाजूने आणि ५९ टक्के विरोधात होते. पण त्या ५९ पैकी १३ टक्के लोकांचा राग उलटा होता. हा कायदा पुरेसा पुढे जात नाही, सरकारने याहून जास्त करावं, असं त्यांचं म्हणणं. आणि कायद्यातली कलमं एकेक करून विचारली, आजारावरून नकार नको, मुलांना सव्वीस वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात ठेवा, तर भरघोस पाठिंबा मिळायचा. म्हणजे 'लोकांना नको आहे' हे वाक्य खरं होतं आणि अर्धवटही होतं.

तरीही रिपब्लिकनांच्या एका मुद्द्यात दम होता असं आम्हाला वाटतं. एकाच पक्षाच्या मतांनी झालेल्या कायद्याला दुसरा पक्ष आपला मानत नाही, पहिली संधी मिळताच तो उपटायला बघतो. पुढची सात वर्षं तेच झालं. पण कोऱ्या कागदाची गोष्ट मनापासूनची होती का, याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. २५ फेब्रुवारीला ओबामांनी दोन्ही बाजूंना बोलावून दिवसभर टीव्हीसमोर चर्चा केली. संध्याकाळी सगळे जिथल्या तिथे होते.

शेवटी लोकसभेसारखं जे सभागृह आहे, प्रतिनिधी सभा, तिथे सभापती नॅन्सी पेलोसी यांनी वाट काढली. सिनेटचं विधेयक जसंच्या तसं मंजूर करायचं, आणि दुरुस्त्या दुसऱ्या विधेयकात घालून अर्थसंकल्पाच्या खास नियमाने न्यायच्या, ज्यात ६० नव्हे तर साधं बहुमत पुरतं. विरोधकांनी याला मागचं दार म्हटलं. त्याच दाराने रिपब्लिकनांनी २००१ आणि २००३ मध्ये करकपात नेली होती.

इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे व्हिप निघाला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेत तसं नाही. पक्ष विनवतो, दटावतो, पण मत ज्याचं त्याचं. म्हणून एकेकाला गाठून समजवावं लागलं. गर्भपाताला विरोध असलेल्या डेमोक्रॅट गटाला राष्ट्राध्यक्षांनी लेखी आदेशाची हमी दिली, तेव्हा ते राजी झाले. २१ मार्च २०१० च्या रात्री विधेयक २१९ विरुद्ध २१२ ने पार झालं. चौतीस डेमोक्रॅट्सनी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. तेव्हा सभागृहात किथ एलिसन आणि आंद्रे कार्सन हे दोनच मुस्लिम सदस्य होते, दोघेही बाजूने होते. २३ मार्चला ओबामांची सही झाली.

किंमत

कोलोराडोच्या बेट्सी मार्की यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आधीच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं होतं. मार्चमध्ये त्यांनी बाजूने दिलं, मतदारसंघ अवघड आहे हे माहीत असूनही. नोव्हेंबर २०१० मध्ये त्या हरल्या. पण मिसुरीचे आइक स्केल्टनही हरले, आणि त्यांनी तर विरोधात मत दिलं होतं. चौतीस वर्षांची खासदारकी गेली. मतदार रागावला की कोणी कसं मत दिलं ते बघत बसत नाही. डेमोक्रॅट्सच्या एकूण ६३ जागा गेल्या आणि बहुमतही गेलं.

कायदा मात्र टिकला, तोही धडपडत. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने वाचला, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी दंडाला कर मानलं म्हणून. पण मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं गेलं, आणि अनेक राज्यांतले गरीब वर्षानुवर्षं बाहेर राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये विमा विकणारी सरकारी वेबसाइट सुरू झाली ती बंद पडतच. 'तुमचा विमा आवडतो तर तो तुमचाच राहील' असं ओबामा वारंवार म्हणाले होते. लाखो लोकांच्या हातात पॉलिसी रद्द झाल्याची पत्रं पडली. याला चूक नव्हे, फसवं आश्वासन म्हणावं लागेल.

केंटकी राज्यात या कायद्याखाली 'काइनेक्ट' नावाने विम्याची बाजारपेठ सुरू झाली. २०१४ च्या एका सर्वेक्षणात तिथल्या ५७ टक्के लोकांचं ओबामाकेअरबद्दल वाईट मत होतं. काइनेक्टबद्दल वाईट मत फक्त २२ टक्क्यांचं. दोन्ही एकच!

२०१७ मध्ये ट्रम्प आले, तिन्ही सत्तास्थानं रिपब्लिकनांकडे आली, आणि कायदा रद्द होणार हे ठरल्यासारखंच होतं. पण आता देण्याऐवजी काढून घ्यायची वेळ होती. सभांमध्ये पुन्हा आरडाओरडा झाला, या वेळी उलट बाजूने. कॅन्सरचे रुग्ण, आजारी मुलांचे आईवडील उभे राहून रिपब्लिकन खासदारांना जाब विचारू लागले. त्याच वर्षी सर्वेक्षणांत पाठिंबा पहिल्यांदा पन्नास टक्क्यांच्या वर गेला. २८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर सिनेटमध्ये मतदान झालं. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन बाया विरोधात होत्या. नुकतंच मेंदूच्या कॅन्सरचं निदान झालेले जॉन मॅककेन पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१.

विमा न घेतल्याचा दंड, म्हणजे तीच नावडती दुसरी गोष्ट, डिसेंबर २०१७ च्या कर कायद्याने शून्यावर आणली. बीसीच्या हिशेबाने सगळं कोसळायला हवं होतं. कोसळलं नाही, कारण सरकारी मदतीमुळे बऱ्याच धडधाकट लोकांनाही विमा परवडत होता. २०२३ मध्ये विमा नसलेले सुमारे २ कोटी ६० लाख उरले होते. २०२१ मध्ये ही मदत तात्पुरती वाढवली गेली, तिची मुदत २०२५ च्या अखेरीपर्यंत होती. आणि २०२५ च्या शरद ऋतूत याच मदतीवरून दोन्ही पक्ष पुन्हा असे अडून बसले की अमेरिकन सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद होतं.