उजळणी : वाचण्याची की आठवण्याची?

‘उजळणी’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. काळवंडलेले पितळेचे भांडे चिंचेने घासून उजळतात, तेव्हा घरात नवे भांडे येत नाही. असलेल्यालाच पुन्हा तेज चढते. परीक्षेच्या तोंडावरील अभ्यासाला ज्यांनी हा शब्द योजला, त्यांना त्या अभ्यासाची मर्यादा आणि सामर्थ्य या दोहोंची नेमकी जाण होती. आज मात्र शालान्त परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यात उजळणीऐवजी नव्या भांड्यांची खरेदीच अधिक चालते. अपेक्षित प्रश्नसंच, गाइडे, दुसऱ्याच्या वह्यांच्या प्रती आणि पहाटेपर्यंतचे जागरण, एवढ्यावर वर्षभराची उणीव भरून निघेल अशी आशा बाळगली जाते.

ही आशा नंदुरबार जिल्ह्यात विशेष महाग पडते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. घरात भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत प्रमाण मराठीत शिकावे लागते आणि तिच्या जोडीला इंग्रजीही सांभाळावी लागते. दहावीपर्यंत पोहोचलेले घरातील पहिलेच मूल, आईबाप ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि मूल आश्रमशाळेत, ही स्थिती येथे अपवादात्मक नव्हे. त्यातच परीक्षेचे दिवस हेच फाल्गुनाचे दिवस. २०२४ मध्ये परीक्षा १ ते २६ मार्चपर्यंत होती व होळी २४ मार्चला आली. २०२५ मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली, तर होळी १३ मार्चला होती. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे रात्रभर ढोल वाजून पहाटे होळी पेटते. त्या ढोलाची ओढ सातपुड्यातील मुलाला वाटू नये, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

अशा मुलाने हाती असलेल्या थोड्या दिवसांत काय करावे? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की, पाठ केलेल्यापैकी बराच भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि पुढे विसरण्याची गती मंदावते. २००६ मध्ये रोएडिगर व कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत उतारा पुन्हा वाचावयाचा होता, दुसरीत तो न पाहता आठवून लिहावयाचा होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला. पुस्तक समोर असताना सारे ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीलाच विद्यार्थी ज्ञान समजतो. पुस्तक मिटल्यावर जे सांगता येते, तेवढेच खरे त्याचे असते.

आदिवासी विद्यार्थ्याच्या बाबतीत या पद्धतीला आणखी एक महत्त्व आहे. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, हे नर्मदेच्या वा तापीच्या काठच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला ‘अपवर्तन’ म्हणतात, हे मात्र शिकावे लागते. त्याने पुस्तक मिटून तो भाग आधी शेजारच्या मित्राला आपल्या बोलीत समजावून सांगावा आणि मग पाठ्यपुस्तकाच्या मराठीत लिहून काढावा. बोलीतच अडखळला तर कल्पना कच्ची आहे. बोलीत सांगता आले, पण लिहिताना अडला, तर केवळ शब्द कच्चा आहे. पहिल्या दोषावर शिक्षकांची मदत हवी. दुसऱ्यावर पारिभाषिक शब्दांची दोन पानी यादी पुरते. हा भेद न करता संपूर्ण धडा पुन्हा घोकणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

उरलेली शिस्त साधी आहे. गणित व विज्ञानाचे दोन-दोन भाग, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल या प्रश्नपत्रिका प्रत्येकी ४० गुणांच्या व दोन तासांच्या असतात. जुनी एक तरी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण सोडवावी. लिहिण्याचा वेग आणि वेळेची वाटणी त्याशिवाय कळत नाही. अर्धवट येणारे प्रकरण पक्के करावे. कधीच न उघडलेल्या प्रकरणामागे आदल्या रात्री लागू नये. २०२३ पासून अखेरीस मिळू लागलेली दहा मिनिटे लिहिलेले तपासण्यासाठी राखावीत. आणि झोप मोडू नये, कारण दिवसा शिकलेले स्मृतीत रुजते ते झोपेतच.

जे वर्षभर शिकवलेच गेले नाही, ते उजळणार कसे, हा आक्षेप रास्त आहे. रिकाम्या तासांची भरपाई कोणतीही युक्ती करू शकत नाही, आणि त्या उणिवेचे उत्तर विद्यार्थ्याकडून मागणे अन्यायाचे ठरेल. परंतु जे थोडे हाती आले आहे, तेही चुकीच्या पद्धतीमुळे वाया जाऊ देणे अधिक अन्यायाचे आहे. २०१५ पासून अनुत्तीर्णांसाठी जुलैमध्ये पुरवणी परीक्षेची सोय झाली खरी. पण एकदा मजुरीच्या वाटेला लागलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेच्या बाकावर आणून बसवणे सोपे नाही. शहरातील मुलाचे नापास होणे एखाद्या वर्षावर निभावते. येथे अनेकदा शिक्षणच संपते.

म्हणून शेवटच्या पंधरवड्यात शिक्षकांनी नवी उत्तरे उतरवून देण्याचे थांबवावे. संध्याकाळचा एक तास पुस्तके मिटवून मुलांना दोघा-दोघांनी परस्परांना प्रश्न विचारू द्यावेत, बोलीला मज्जाव करू नये, आणि कोण कोठे अडतो याची नोंद ठेवावी. होळीला जाणाऱ्या मुलालाही दरडावून अडवण्याऐवजी वाटेत आठवून सांगण्यासारखे पाच प्रश्न द्यावेत. या उजळणीला ना गाइड लागते, ना शिकवणीचे शुल्क. आणि ज्यांच्याजवळ ही दोन्ही नाहीत, त्यांनाच तिची गरज सर्वाधिक आहे.